हॉनस वॅग्नर : एका नकाराची किंमत

पुठ्ठ्याचा एक तुकडा. काड्यापेटीपेक्षा जरासा लांब, म्हणजे साधारण दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडा उंच. त्यावर नारिंगी रंगावर एका माणसाचं छातीपर्यंतचं रंगीत चित्र, मधोमध भांग पाडलेले केस, खाली इंग्रजीत आडनाव आणि शहराचं नाव. बस्स! २०२२ च्या ऑगस्टमध्ये असा एक तुकडा ७२ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला. तेव्हाच्या दराने ५७ कोटी रुपयांच्या आसपास. आणि तो काही कोरा करकरीतही नव्हता. कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने त्याला १० पैकी २ गुण दिले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळ सरळ केटी!

चित्रातला माणूस म्हणजे हॉनस वॅग्नर. अमेरिकन बेसबॉलचा एके काळचा बादशहा. जन्म १८७४, मृत्यू १९५५. बेब रूथचं नाव आपल्याकडे निदान क्विझवाल्या मंडळींना तरी ठाऊक असतं, वॅग्नरचं तेवढंही नाही. माझीही त्याच्याशी ओळख झाली ती खेळामुळे नाही, कार्डांमुळेच. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर आणि च्युइंगगमच्या पुडीत निघणाऱ्या क्रिकेटपटूंवर आम्ही जीव टाकायचो. प्रत्येक गल्लीत एक तरी कार्ड असं असायचं की जे कुणालाच मिळायचं नाही. कुणाच्या तरी मामेभावाकडे ते आहे अशी नुसती आवई असायची. मोठेपणी कळलं की अशी टंचाई बऱ्याचदा कंपनीच घडवून आणते. एखादं कार्ड मुद्दाम कमी छापायचं, म्हणजे पोरं पुड्या फोडत राहतात. वॅग्नरच्या कार्डाची गोष्ट मात्र उलटी आहे. कंपनीला ते भरपूर छापायचं होतं. ज्याचं चित्र होतं त्यानेच ते बंद पाडलं. हे वाचलं आणि या माणसाचा पिच्छा पुरवायचा असं ठरवून टाकलं.

पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गजवळ, कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरात चार्टियर्स नावाचं एक गाव होतं. पुढे ते शेजारच्या गावात मिसळलं आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या नावावरून त्याला कार्नेगी म्हणू लागले. तिथे २४ फेब्रुवारी १८७४ रोजी जर्मनीहून आलेल्या एका खाणकामगाराच्या घरी योहानेस पीटर वॅग्नर जन्मला. आई त्याला हान्स म्हणायची, त्याचंच पुढे हॉनस झालं. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा बाप-भावांबरोबर कोळशाच्या कामाला लागला. त्या वयात आपण सातवीच्या स्कॉलरशिपचे पेपर सोडवत होतो, तेव्हा हा कोळशाच्या गाड्या भरत होता. नंतर न्हाव्याचं कामही शिकला. बेसबॉल नसता तर कार्नेगी गावातल्या एखाद्या सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करण्यात त्याचा जन्म गेला असता.

घरातला खरा खेळाडू समजला जायचा तो मोठा भाऊ अल्बर्ट, ज्याला सगळे बट्स म्हणत. १८९५ साली ओहायोतल्या स्टूबनव्हिलच्या संघाची गाडी अडली तेव्हा बट्सने धाकट्याचं नाव पुढे केलं. वशिला म्हणा हवं तर! पण वशिल्याने मैदानात शिरता येतं, टिकता येत नाही. पुढच्याच वर्षी एड बॅरो नावाच्या संघचालकाने हॉनसला न्यू जर्सीतल्या पॅटरसनला नेलं. रेल्वे यार्डात हा पोरगा दगड भिरकावत होता आणि त्याच्या हाताची ताकद बघून बॅरो थक्क झाला, अशी एक दंतकथा आहे. १८९७ मध्ये तो लुईव्हिल कर्नल्स या मोठ्या लीगच्या संघात पोचला. १८९९ च्या मोसमानंतर लीगने १२ संघांचे ८ केले, त्यात लुईव्हिल गेलं. त्याचा मालक बार्नी ड्रायफस चांगले चांगले खेळाडू घेऊन पिट्सबर्ग पायरेट्समध्ये आला, आणि १९०० साली हॉनस आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर खेळू लागला. तिथून तो शेवटपर्यंत हलला नाही.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. या खेळात शॉर्टस्टॉप ही जागा सगळ्यात अवघड. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे हा उभा असतो. बहुतेक फलंदाज उजवे, त्यामुळे सरपटत येणारे फटके याच्याच अंगावर येतात. चेंडू उचलायचा, उभं राहायचं आणि फलंदाज पोचायच्या आत लांबवरच्या पहिल्या बेसकडे फेकायचा, सगळं काही क्षणांत. या जागेवर चपळ, सडसडीत माणूस हवा. आणि आपले वॅग्नरसाहेब कसे? ५ फूट ११ इंच उंची, ९० किलोच्या आसपास वजन, रुंद छाती, गुडघ्यापर्यंत पोचतील असे वाटणारे हात आणि धनुष्यासारखे बाकदार पाय. बघणाऱ्याला वाटावं, हा पहिलवान इथे चुकून आला. पण त्याच्या पंज्यातून काही सुटायचं नाही. जमिनीवरचा चेंडू उचलताना तो माती-खडे सगळंच मुठीत घ्यायचा आणि चेंडूबरोबर तेही पहिल्या बेसकडे उडायचं, असं त्याच्याबरोबर खेळलेले लोक सांगत.

पळायलाही तसाच. त्याला फ्लाइंग डचमन म्हणत. डच म्हणजे हॉलंडचा नव्हे, तर डॉइच, म्हणजे जर्मन. आणि फलंदाजी? १० संधींपैकी ३ वेळा फटका मारून बेसवर पोचला तरी तिथे तो चांगला फलंदाज ठरतो. वॅग्नरची २१ मोसमांची सरासरी त्याच्याही वर, १०० मागे जवळजवळ ३३. लीगमधला सर्वोत्तम फलंदाज हा मान त्याने १९०० ते १९११ या काळात ८ वेळा मिळवला. कारकिर्दीत ३,४०० हून जास्त हिट मारले आणि ७०० हून जास्त बेस चोरले. बेस चोरणं म्हणजे गोलंदाजाचा डोळा चुकवून पुढच्या बेसवर पळणं. बाकदार पायांनी!

पण मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्याचे होकार आणि नकार जास्त महत्त्वाचे वाटतात. एकेक बघा.

पहिला नकार १९०१ चा. त्या वर्षी अमेरिकन लीग ही नवी लीग जोरात आली आणि जुन्या नॅशनल लीगचे खेळाडू जास्त पगारावर पळवू लागली. आयटी कंपन्या एकमेकांची माणसं पळवतात ना, तसंच. मोठमोठी माणसं गेली. वॅग्नरपुढेही घसघशीत रक्कम ठेवली होती. तो गेला नाही.

दुसरा नकार १९०४ चा. आदल्या वर्षी दोन्ही लीगच्या विजेत्यांमध्ये पहिली आधुनिक वर्ल्ड सीरिज झाली. पिट्सबर्ग विरुद्ध बोस्टन. सगळ्यांची भिस्त वॅग्नरवर, आणि नेमका तोच ढेपाळला. फलंदाजीची सरासरी १०० मागे २२ आणि क्षेत्ररक्षणात ६ चुका. पिट्सबर्ग ५-३ ने हरलं. पुढच्या वसंतात विजेत्या फलंदाजांच्या एका दालनासाठी त्याच्याकडे त्याचं चित्र मागितलं गेलं. लीगचा सर्वोत्तम फलंदाज तोच होता, हक्काची जागा होती. पण वर्ल्ड सीरिजमध्ये आपण असे खेळलो आणि भिंतीवर चित्र लावायचं? त्याने चित्र पाठवलं नाही.

मग एक होकार. १ सप्टेंबर १९०५ रोजी त्याने लुईव्हिलच्या हिलरिक कंपनीशी करार केला आणि बॅटवर आपली सही कोरायला परवानगी दिली. बॅटवर खेळाडूची सही विकण्याची सुरुवात इथून झाली. आज सचिनच्या बॅटवरच्या स्टिकरपासून बुटांच्या जाहिरातींपर्यंत जे काही आपण बघतो, त्याच्या मुळाशी असलेल्या अगदी पहिल्या करारांपैकी हा एक. म्हणजे नाव विकण्याला त्याची तत्त्वतः हरकत नव्हती, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणि १९०८. वय ३४. मोसमाच्या आधी त्याने निवृत्त होतो म्हणून सांगितलं. ड्रायफसने त्याचा पगार ५ हजारांवरून १० हजार डॉलर केला, तेव्हा हा मैदानात आला आणि त्या वर्षी असा काही खेळला की तो मोसम बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम मोसमांमध्ये धरला जातो. म्हणजे हा साधाभोळा संतमाणूस वगैरे नव्हता. पैशाचा व्यवहार त्याला पक्का कळत होता.

आता सिगारेटकडे वळू. सिगारेट आधी हाताने वळत, आपल्याकडे सोलापूरला विड्या वळतात तशी. चांगला कारागीर दिवसाला दोन-तीन हजारांच्या वर जात नसे. १८८१ साली जेम्स बोन्सॅक या तरुणाला सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. हे यंत्र दहा तासांत १ लाख २० हजार सिगारेटी ओकायचं! मेकॅनिकलच्या मित्रांनी कॉलर टाईट करायला हरकत नाही, पण इथे एक गोची झाली. एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? मग जाहिरात आली, आणि जाहिरातीबरोबर कार्डं. पाकिटं मऊ कागदाची असत, आत सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा? त्यावर नट्या, सेनापती, प्राणी आणि बेसबॉलपटू छापले गेले. १८९० पर्यंत मोठमोठ्या कंपन्या एक होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी ही महाकाय कंपनी झाली होती, आणि १९०९ मध्ये तिने बेसबॉलपटूंची एक प्रचंड मालिका काढली. तीन वर्षांत ५०० हून जास्त वेगवेगळी चित्रं, १६ ब्रँडच्या पाकिटांतून. छपाई शिळाछापाची, एकावर एक रंगांचे हात चढवलेली. आजही ती कार्डं बघितली की छापखान्यातल्या त्या अनाम कारागिरांना सलाम ठोकावासा वाटतो.

मुलं तर वेडीच झाली. दुकानाबाहेर उभी राहून सिगारेट घेणाऱ्याकडे कार्ड मागायची. आणि ज्याला मागून मिळत नाही, तो काय करणार? पाकीट विकत घेणार.

या मालिकेत वॅग्नर नसेल तर मालिकेला अर्थच नव्हता. चित्र तयार झालं, काही तावही छापून निघाले. परवानगी मिळवायचं काम पिट्सबर्गच्या जॉन ग्रुबर या वार्ताहराकडे आलं. वॅग्नरचा होकार आणला तर त्याला १० डॉलर मिळणार होते. ग्रुबरने पत्र लिहिलं. वॅग्नरचं उत्तर आलं की माझं चित्र सिगारेटच्या पाकिटात जाता कामा नये. वर, आपल्यामुळे या माणसाचे १० डॉलर बुडू नयेत म्हणून वॅग्नरने स्वतःचा १० डॉलरचा चेक सोबत जोडला होता! द स्पोर्टिंग न्यूज या साप्ताहिकाने १९१२ साली ही हकिकत छापली. ग्रुबरने तो चेक वटवला नाही, आठवण म्हणून जपून ठेवला.

कंपनीने छपाई थांबवली. तोवर जी काही कार्डं पाकिटांतून गेली होती तेवढीच गेली. आज जगात साठेक माहीत आहेत. त्याच मालिकेतल्या इतर बहुतेक खेळाडूंची कार्डं हजारोंनी सापडतात.

आता मोठा प्रश्न. त्याने नाही का म्हटलं? याबद्दल दोन तट आहेत. एक म्हणतो, मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून. त्याच्या नातीनेही पुढे हेच सांगितलं. दुसरा तट हसतो आणि म्हणतो, अहो, हा स्वतः तंबाखू चघळायचा! ते खरंच आहे. १९४८ च्या सुमारास निघालेल्या लीफ कंपनीच्या कार्डावर म्हातारा वॅग्नर चक्क तंबाखूची चिमूट तोंडात टाकताना दिसतो. त्याआधी लुईव्हिलच्या दिवसांत सिगारच्या एका जाहिरातीच्या कार्डावरही त्याचं चित्र आलेलं होतं. तेव्हा हे सगळं पैशासाठी, कंपनी फुकटात चित्र वापरत होती म्हणून, असं या तटाचं म्हणणं.

मला विचाराल तर हा वाद घालताना लोक तो चेक विसरतात. पैसे हवे असलेला माणूस भाव सांगतो. बॅटच्या वेळी त्याने करार केला, पगाराच्या वेळी घासाघीस केली. इथे त्याने उलट पदरचे १० डॉलर घातले. आणि स्वतः तंबाखू चघळणाऱ्या माणसाला, आपल्यामुळे पोरांनी ती घेऊ नये असं वाटूच शकत नाही का? आपल्या घराघरांत तंबाखू मळत मळत मुलाला त्यापासून लांब राहा म्हणून दटावणारे काका-आजोबा बघितलेत की आपण. त्यात ढोंग असतं असं मला वाटत नाही. ज्याला लागली आहे त्यालाच तिची किंमत माहीत असते.

हे मला एवढं का टोचलं, तेही सांगून टाकतो. मी आमच्या गॅदरिंगच्या स्पॉन्सरशिप टीममध्ये होतो. दोन महिने चपला झिजवून चिल्लर जमली होती. अशात एका कंपनीने एकरकमी निम्मं बजेट द्यायची तयारी दाखवली. अट एकच, स्टेजच्या मागे त्यांच्या माउथ फ्रेशनरचा बॅनर. आता तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तेच नाव आणि तेच रंग वेलचीच्या किंवा बडीशेपेच्या पुडीवर कसे येतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रात्री एकपर्यंत कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर वाद झाला. आपण नाही घेतलं तर दुसरं कॉलेज घेईल, हा मुद्दा तर दहा वेळा आला. मतदान झालं. विरोधात आम्ही दोघंच. बॅनर लागला, साउंड सिस्टिम झकास आली, सगळ्यांनी धमाल केली. माझ्या एका मताने कशालाही काही फरक पडला नाही.

म्हणूनच वॅग्नरच्या गोष्टीतला हा भाग मला फार प्रामाणिक वाटतो, की त्याच्या नकारानेही कंपनीला काहीच फरक पडला नाही. मालिका चालूच राहिली. बाकीचे शेकडो खेळाडू छापले गेले, पाकिटं खपली, पोरांनी ती घेतली. १९११ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अमेरिकन टोबॅको कंपनीचे तुकडे करायचा आदेश दिला, पण तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली, वॅग्नरच्या पत्रामुळे नव्हे. एकट्याच्या नकाराने यंत्र थांबत नाही. फक्त एका ठिकाणी एक रिकामी जागा राहते. बस्स, तेवढंच. पण ती जागा दिसते!

ती दिसायला लागली याचं श्रेय आणखी एका माणसाला. जेफरसन बर्डिक, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यातला एक साधा कामगार. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पण आयुष्यभर कार्डं जमवली आणि त्यांची पद्धतशीर यादी केली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एन, विसाव्या शतकातल्यांना टी, आणि पुढे क्रमांक. १९०९ च्या या मालिकेला त्याने दिलेला क्रमांक टी-२०६, तोच आजही जगभर चालतो. बाकीची कार्डं काही सेंटची, तिथे त्याच्या यादीत वॅग्नरची किंमत ५० डॉलर होती.

एकदा यादी झाली की लोक कार्ड भिंगाखाली धरू लागले, आणि मग बारीकसारीक खुणांना सोन्याचा भाव आला. वॅग्नरच्याच कार्डावर बघा. शहराचं नाव पिट्सबर्ग, पण इंग्रजीत शेवटचं एच अक्षर नाही. ही छापखान्याची चूक नव्हे. गावांच्या नावांचं स्पेलिंग ठरवणाऱ्या सरकारी मंडळाने १८९१ मध्ये ते अक्षर काढून टाकलं होतं, आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर १९११ मध्ये परत दिलं. म्हणजे एक अक्षर नाही यावरून कार्डाचा काळ कळतो!

कार्ड उलटं केलं की खरी गंमत सुरू होते. मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात, आणि बऱ्याच कार्डांवर कारखान्याचा क्रमांक. तंबाखूवर कर असल्याने प्रत्येक कारखान्याला सरकारी क्रमांक असे. २५ नंबर म्हणजे व्हर्जिनिया, ३० नंबर म्हणजे न्यूयॉर्क. समोरचं चित्र तेच, पण मागची छाप बदलली की किंमत बदलते. वॅग्नरच्या बहुतेक कार्डांमागे स्वीट कॅपोरल हे नाव आहे. पीडमाँट हे नाव असलेली फक्त ३ माहीत आहेत. त्याच मालिकेत शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावात सुरुवातीला एक अक्षर चुकलं होतं, ते लगेच दुरुस्त केलं. चुकीचं कार्ड आज बरोबर कार्डापेक्षा कितीतरी पट महाग! जो डॉइल या न्यूयॉर्कच्या खेळाडूच्या नावाखाली चुकून दुसऱ्याच लीगचं नाव पडलं. त्याच शहरात, त्याच आडनावाचा आणखी एक खेळाडू होता, त्याचा हा घोळ. तेही खोडून दुरुस्त केलं, पण काही कार्डं सुटली. तीन-चार अक्षरांच्या त्या खुणेला लाखो डॉलर पडतात. आमच्या जर्नलमधल्या खाडाखोडीला मात्र सर रीड्रॉ लिहून देतात, काय करणार!

पण या सगळ्या खुणांमध्ये एक फरक आहे. मॅगी आणि डॉइल यांची कार्डं दुर्मिळ झाली ती कंपोझिटरच्या डुलकीमुळे. वॅग्नरचं कार्ड दुर्मिळ झालं ते एका माणसाने विचार करून घेतलेल्या निर्णयामुळे.

वॅग्नरचं पुढे काय झालं? ज्या १९०९ मध्ये ही मालिका निघाली, त्याच वर्षी पिट्सबर्ग पुन्हा वर्ल्ड सीरिजमध्ये पोचलं. समोर डेट्रॉइट आणि त्यांचा तरणाबांड, आक्रमक टाय कॉब. वॅग्नर ३५ वर्षांचा. त्याची सरासरी १०० मागे ३३, कॉबची २३. ६ बेस चोरले. पिट्सबर्गने ४-३ ने मालिका जिंकली आणि १९०३ चा डाग धुऊन निघाला. १९१४ मध्ये त्याने ३ हजारावा हिट मारला. १९१७ मध्ये मैदान सोडलं. त्याच वर्षी मधेच संघाचा मॅनेजर केलं होतं, पाच सामन्यांत त्याला कळलं की हे आपलं काम नाही. सोडून दिलं. अजून एक नकार!

मग त्याने काय काय केलं. लग्न झालं होतं, मुली झाल्या. कार्नेगी टेक या इंजिनिअरिंग कॉलेजात बेसबॉल आणि बास्केटबॉल शिकवलं. होय, आजचं कार्नेगी मेलन विद्यापीठ ते हेच, जिथे एमएस करायला मिळावं म्हणून आपल्यातले अर्धे लोक जीआरईचे शब्द घोकतात. बारा वर्षांचा असताना शाळा सुटलेला माणूस तिथे कोच होता. पिट्सबर्गमध्ये त्याच्या नावाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, ते मंदीच्या काळात बुडालं. १९३३ मध्ये पायरेट्सने त्याला पुन्हा कोच म्हणून घेतलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं तो पोरांना फलंदाजी शिकवत, जुन्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत डगआउटमध्ये बसायचा. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा मतदान झालं, पाच जण निवडले गेले. वॅग्नरला २१५ मतं पडली, बेब रूथला पडली तेवढीच. एके काळी भिंतीवर चित्र लावायला नको म्हणणारा माणूस अशा रीतीने भिंतीवर गेला.

३० एप्रिल १९५५ रोजी पिट्सबर्गमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, तो त्याच्या डोळ्यांदेखत. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कार्नेगीतल्या राहत्या घरी तो गेला. वय ८१. संघाचं मैदान दोनदा बदललं, प्रत्येक वेळी पुतळाही बरोबर हलवला.

तो गेल्यावर कार्डाच्या किमती भडकल्या, आणि तो भाग फारसा गोड नाही. सगळ्यात देखणं वॅग्नर कार्ड, मागे पीडमाँटची छाप असलेलं, १९८५ मध्ये २५ हजार डॉलरला विकलं गेलं. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ते ४ लाख ५१ हजारांना घेतलं. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरवर पोचलं. त्याला १० पैकी ८ गुण होते. शंभरीकडे झुकलेल्या पुठ्ठ्याच्या कडा इतक्या धारदार कशा, हे लोक कुजबुजत विचारायचेच. २०१३ मध्ये, फसव्या बोलींच्या एका खटल्यात, १९८५ चा खरेदीदार आणि पुढे मोठा लिलावदार झालेल्या बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

मला यातली थट्टा फार झोंबते. ज्या माणसाने पोरांना फसवून माल खपवायला आपला चेहरा दिला नाही, त्याच चेहऱ्याच्या कार्डाला कात्री लावून लोकांनी लाखो कमावले. पण दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये बाल्टिमोरच्या काही ननना एका दात्याच्या मृत्युपत्रातून एक वॅग्नर कार्ड मिळालं. कडा कापलेल्या, सुरकुत्या पडलेल्या, तरी २ लाखांहून जास्त डॉलर आले आणि ते त्यांच्या सेवाकार्यात गेले. आणि बर्डिक? त्याने आपला ३ लाखांहून जास्त कार्डांचा आणि चित्रांचा खजिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट देऊन टाकला. वाकड्या बोटांनी एकेक कार्ड अल्बमात डिंकाने चिकटवत तो वर्षानुवर्षं तिथे बसायचा. १९६३ च्या जानेवारीत शेवटचं कार्ड चिकटवलं आणि दोन महिन्यांनी वारला. डिंक लागलेलं कार्ड बाजाराच्या दृष्टीने बाद. त्या संग्रहात वॅग्नरही आहे. त्याच्यावर आता कुणी बोली लावू शकत नाही, त्याच्या कडा कुणी कापू शकत नाही आणि त्याच्या जिवावर कुणी सिगारेटही विकू शकत नाही.

हॉनसला विचारलं असतं, तर यातल्या याच जागेला त्याने होकार दिला असता, असं मला वाटतं.